बाजाराच्या दिवशीचं बुद्धिबळ: विदर्भातल्या एका बंद पडलेल्या मंडळाचं प्रकरण

गावात बुद्धिबळ मंडळ बंद पडलं की कारण तयारच असतं: पोट्ट्यांना मोबाईल लागला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं मंडळ २०२३ मध्ये बंद पडलं तेव्हाही हेच बोललं गेलं. (गावाचं आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.) पण हजेरीचं रजिस्टर, जमाखर्चाची वही आणि ट्रंकेतले मोहरे एकत्र मांडून पाहिले की मोबाईलवरचा आरोप टिकत नाही. खेळणारे होते. मंडळाला बुडवलं ते दरवर्षीच्या मोठ्या खुल्या स्पर्धेनं.

शेवटच्या स्पर्धेचा हिशेब असा होता. बक्षिसं ५१,००० रुपये. प्रवेश फी ३०० रुपये, खेळाडू ८४, म्हणजे जमा २५,२००. पंचांचं मानधन, मांडव, चहा-नाश्ता, चषक आणि प्रमाणपत्रं मिळून आणखी ३०,००० च्या आसपास. एकूण खर्च ८१,००० आणि तूट जवळपास ५६,०००. ही तूट वर्गणीतून भरायची: कृषी केंद्रं, जिनिंगवाले, सराफ, पतसंस्था. स्पर्धा जानेवारीत असल्यामुळे वर्गणी गोळा करायची ती ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे सोयाबीन निघून कापसाची वेचाई जोरात असताना. मंडळाचे धावपळ करणारे सहा जण, त्यातले चार शेतकरी. रोख बक्षिसं होती २०, त्यातली १७ नागपूर-अमरावतीकडून आलेल्या खेळाडूंनी नेली. त्यात त्यांची काही चूक नाही, बक्षीस लावलं तर चांगला खेळाडू येणारच. पण गावातल्या मुलाच्या वाट्याला आलं ते एवढंच: फी भरायची, पहिल्या फेरीत मोठ्या खेळाडूकडून हरायचं आणि दुपारी घरी जायचं. स्पर्धा संपली की कार्यकर्ते इतके थकलेले असायचे की वाचनालयातली खोली एप्रिलपर्यंत उघडायचीच नाही. मग ऊन, मग पेरणी. वर्षातले तीन महिने वर्गणीत आणि दोन दिवस स्पर्धेत जायचे, उरलेलं वर्ष कुलूप.

कुलपाची गोष्टही लहान नव्हती. किल्ली एकच, सचिवांकडे. रब्बीत कृषिपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची वीज असायची त्या आठवड्यात सचिव गहू-हरभऱ्याच्या ओलितावर. मंडळाची वेळ रात्री ८ ते १०. दोन-तीनदा मुलं दारापर्यंत येऊन परत गेली आणि चौथ्यांदा आलीच नाहीत.

वेळ बदलली, तीही बाजार पाहून

२०२४ च्या जूनमध्ये पाच-सहा जुन्या सभासदांनी खोली पुन्हा उघडायचं ठरवलं. त्यांनी घेतलेला सगळ्यात फायद्याचा निर्णय पटावरचा नव्हताच. वेळ रात्रीवरून रविवार सकाळ ८ ते १०.३० केली. या गावचा आठवडी बाजार रविवारी भरतो. आसपासच्या खेड्यांतले लोक दुचाकीवर किंवा सकाळच्या एसटीनं येतातच, तर मुलाला वाचनालयात सोडून बाजार करायचा आणि जाताना घेऊन जायचं. रात्रीच्या वेळेमुळे दोन प्रकारची मुलं कायम बाहेर होती: खेड्यातली, कारण शेवटची गाडी साडेसातला, आणि मुली, कारण रात्री दहाला मुलीला एकटीला परतू देणारं घर गावात नाही. वेळ बदलल्यावर दोन्ही आली, वेगळं काही करावं लागलं नाही.

किल्ल्या तीन केल्या. वाचनालयात एक, शिक्षक असलेल्या सभासदाकडे एक, सचिवांकडे एक. कोणाची पाळी कधी ते महिनाभर आधी भिंतीवर. वाचनालयाशी बोलणं झालं की रविवारी सकाळी मंडळानंच वाचनालय उघडावं, वर्तमानपत्रं मांडावीत. त्याबदल्यात भाडं नाही.

हंगामाचं वेळापत्रकही शेतीवर बसवलं. लीगची पहिली फेरी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पेरणी-डवरणीची पहिली घाई ओसरल्यावर. पोळ्याला सुट्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लीग नाही, फक्त मोकळे डाव, कारण दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुलं घरच्या वेचाईला असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी दुसरी लीग. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल ते जून वेळ सकाळी ६.३० ते ९, कारण पत्र्याच्या खोलीत दहानंतर बसवत नाही. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्येच लीग रेटायचा प्रयत्न झाला होता, तो तिसऱ्या फेरीत मोडला.

ट्रंकेत काय निघालं

ट्रंकेत मोहऱ्यांचे २२ संच होते, त्यातले पूर्ण ६. बाकीच्यांत बहुतेक प्यादी आणि घोडे नव्हते. लाकडी घोड्याचं डोकं वेगळं बनवून चिकटवलेलं असतं, ते आधी निघतं. तीन संच जोडून एक करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण राजांची उंची वेगळी निघते आणि घाईच्या डावात उंट आणि प्यादं यांचा घोटाळा होतो. असे जोडसंच शिकवणीला ठेवायचे, लीगला नाही.

नवीन १० संच घेतले: प्लास्टिकचे, तळाशी वजन भरलेले, राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर, प्रत्येक संचात दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर. असा संच साधारण ४०० ते ६०० रुपयांत येतो. जादा वजीर नसला की प्याद्याचा वजीर करताना उलटा हत्ती ठेवतात. नियमानं तो हत्तीच धरला जातो आणि भांडण होतं. प्रत्येक संचाला क्रमांक आणि मांजरपाटाची शिवलेली पिशवी. डाव संपला की ३२ मोहरे मोजून पिशवीत आणि वहीत दोघांची सही. ही सहीची सवय लागल्यापासून प्यादं हरवलं तर त्याच दिवशी टेबलाखाली सापडतं.

पट मात्र विकत घेतले नाहीत. गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे १० फूट बाय ५ फुटांचा एक फ्लेक्स छापला. घर साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे आठ घरं ४४ सेंटीमीटर, चारही बाजूंना ३ सेंटीमीटर कडा, एकूण पट ५० बाय ५०. दहा फुटांत असे सहा बसतात, पाच फुटांत तीन. एका फ्लेक्सात १८ पट, खर्च हजाराच्या आत. छापण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. संगणकावर चित्र फिरवताना हे हमखास उलटं होतं आणि मग अठराच्या अठरा पट वाया. घरांचा रंग काळा नको, हिरवा किंवा तपकिरी हवा, नाहीतर काळे मोहरे काळ्या घरात दिसत नाहीत. आणि चकाकणारा फ्लेक्स नको. ट्यूबलाइटचा उजेड नेमका मधल्या चार घरांवर पडतो. फ्लेक्स घडी घालून ठेवला की घडीवर रंग उडतो, त्यामुळे प्लंबिंगच्या पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवतात.

शिकवणीसाठी भिंतीवरचा पट फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला: चार बाय चार फुटांचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, त्यावर रंगवलेली घरं, आणि जाड पुठ्ठ्यावर छापलेल्या मोहऱ्यांच्या मागे चुंबक. ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊ नये, त्याला चुंबक धरत नाही.

घड्याळं चारच आहेत, डिजिटल. ती लीगच्या पहिल्या चार पटांवर. मोबाईलवरचं घड्याळ मोकळ्या डावांना चालतं, लीगला नाही, कारण मधेच घरून फोन येतो आणि मग त्या वेळेचं काय करायचं यावर अर्धा तास जातो.

काकाजींचा राजा आणि मुलांचा किल्लेकोट

मंडळाच्या जुन्या खेळाडूंमधले काही देशी पद्धतीनं खेळणारे. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, पण शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची अडीच घरं उडी घेता येते. प्यादं शेवटच्या ओळीत गेलं तर ज्या मोहऱ्याचं घर त्याचाच तो होतो. मुलं शिकून आलेली शाळेतून नाहीतर मोबाईलवरून, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांनी. पहिल्याच महिन्यात ठिणगी पडली. एका वयस्क सभासदानं राजा उचलून घोड्यासारखा कोपऱ्याकडे ठेवला. समोरची सातवीतली मुलगी म्हणाली, “काकाजी, असं चालत नाही. किल्लेकोट करायचा तर हत्ती पण हलवा.” ते म्हणाले, “बाई, मी तुझ्या आबाजीसंग असाच खेळलो आहे.” दोघंही आपापल्या नियमानं बरोबर होते. अशा वेळी बहुतेक मंडळं वडीलधाऱ्यांना नियमांचं पुस्तक दाखवतात आणि ते पुन्हा येत नाहीत.

इथे तोडगा निघाला तो असा: गुरुवारी संध्याकाळी दोन पट देशी नियमांचे, ज्यांना हवं त्यांच्यासाठी. रविवारी सगळ्यांना आंतरराष्ट्रीय नियम. आणि रविवारी खेळाडू विषम झाले की उरलेल्या मुलाशी खेळायला याच मंडळींपैकी एक. या एका व्यवस्थेनं दोन कामं झाली. कुठल्याच मुलाला न खेळता बसावं लागलं नाही, आणि मोठ्यांना दर रविवारी यायला कारण मिळालं. देशी पद्धतीत प्यादी हळू सरकतात, त्यामुळे या लोकांचा प्याद्यांच्या अंतिम टप्प्यातला खेळ भक्कम असतो. मोबाईलवर एका मिनिटाचे डाव खेळणाऱ्या मुलाला नेमकं तेच येत नाही.

शिकवणीचा क्रमही त्यावरूनच ठरला. नवीन मुलाला पहिल्या दिवशी सगळे मोहरे देत नाहीत. दोन्ही बाजूंना आठ प्यादी आणि राजा, ज्याचं प्यादं आधी पोचेल तो जिंकला. दुसऱ्या रविवारी दोन हत्तींनी मात, मग वजिरानं, मग एका हत्तीनं. मग पूर्ण पट. सुरुवातीच्या चालींपैकी एकच गोष्ट लवकर शिकवावी लागते, ती म्हणजे चार चालींतली मात कशी अडवायची. (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव.) पांढऱ्याचा वजीर दुसऱ्याच चालीत एच-५ वर आला की नवीन मूल घाबरून जी-ओळीतलं प्यादं पुढे सरकवतं. तीच चूक. वजीर काळ्याचं ई-५ वरचं प्यादं शह देऊन खातो आणि पुढच्या चालीत कोपऱ्यातला हत्ती घेतो. आधी घोडा सी-६ वर काढून ई-५ सांभाळायचं, मग पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला की जी-६. हे चारदा पटावर मांडून घेतलं की त्या चार चालींचं भय जातं आणि मग तीच मात मोबाईलवर शिकून आलेल्या मुलांची मक्तेदारीही.

डाव लिहून काढण्याची सक्ती लीगमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची अडचण येते असं म्हणून बरेच शिक्षक ही सवय टाळतात. पण मोहऱ्याचं आद्याक्षर आपल्या भाषेतलं लिहायची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. मुलं घो, उं, ह, व, रा असं लिहितात आणि काम चालतं.

लीग कशी चालते

सात रविवार, सात फेऱ्या, स्विस पद्धत (हरलेला बाद होत नाही, सारख्या गुणांचे समोरासमोर येतात), प्रत्येकी १५ मिनिटं आणि चालीमागे ५ सेकंद. जोड्या आदल्या रात्री लावत नाहीत. आदल्या रात्री लावल्या की सकाळी चार जण येत नाहीत आणि आलेले चार जण रिकामे बसतात. ८.१५ ला हजेरी, जे समोर आहेत त्यांच्याच जोड्या. संगणक लागत नाही: प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर गुण, रंग आणि आधीचे प्रतिस्पर्धी. सारख्या गुणांची कार्डं एकत्र करायची, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा समोरासमोर, आधी खेळलेली जोडी पुन्हा नको, सलग तिसऱ्यांदा तोच रंग नको. तीस कार्डांना दहा मिनिटं लागतात. शनिवारी कळवून गैरहजर राहिल्यास लीगमध्ये एकदा अर्धा गुण, न कळवता राहिल्यास शून्य.

हात लावला तो मोहरा चालवायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून. नियमबाह्य चालीला प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट जादा, दुसऱ्यांदा केल्यास डाव गेला. आंतरराष्ट्रीय नियमांत एक मिनिट फक्त अतिजलद (ब्लिट्झ) डावांना आहे; जलद आणि मोठ्या वेळेच्या डावांत दोन मिनिटं मिळतात.

रोख बक्षीस नाही. त्याऐवजी मंडळाचं स्वतःचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, आणि मुलांना खेचून आणणारी गोष्ट तीच ठरली. प्रत्येकाची सुरुवात १००० पासून. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर जिंकणाऱ्याला २० मिळतात आणि हरणाऱ्याचे २० जातात. १०० चा फरक असेल आणि वरचा जिंकला तर १४, खालचा जिंकला तर २६. २०० च्या फरकाला १० आणि ३०, ३०० ला ६ आणि ३४, ४०० ला ४ आणि ३६. हा तक्ता भिंतीवर आहे, आकडेमोड मुलंच करतात. दोष एक आहे: पटकन सुधारणारी नवीन मुलं जुन्या स्थिर खेळाडूंचे गुण खात राहतात आणि त्यांचा खेळ तोच असून आकडा घसरतो. म्हणून वर्षातून एकदा, जुलैत, सरासरी पुन्हा १००० वर आणतात.

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. तो सोमवार होता. पुढच्या रविवारी खोलीबाहेर रांग. अशी लाट महिनाभर टिकते आणि नीट सांभाळली नाही तर उलट नाव खराब करून जाते, कारण दीड तास उभं राहून मूल न खेळता घरी जातं. पट १८ आणि चांगले संच १६ असल्यामुळे एका वेळी ३२ पेक्षा जास्त मुलं बसूच शकत नव्हती. सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि १६-१६ च्या तुकड्यांना तारखा दिल्या, प्रत्येक तुकडी सहा रविवार, ९.३० नंतर. तारखेची वाट पाहून जी आली ती बहुतेक टिकली. आलेल्यांत मुलींचं प्रमाण आधीपेक्षा बरंच जास्त होतं. त्या आठवीनंतर राहतील का, हे अजून दिसायचं आहे. शाळा बदलली, शिकवणी लागली की मुली आधी गळतात, आणि त्यावर मंडळाकडे उपाय नाही.

कागदपत्रं

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं होतं. विश्वस्तांपैकी दोघं वारलेले, बदल अर्ज कधी दाखल नाही, चार वर्षांचं ऑडिट बाकी, बँक खातं व्यवहाराविना निष्क्रिय. अशा वेळी नवीन संस्था काढावी असा सल्ला हमखास मिळतो. तो घेतला नाही, कारण जुन्या नोंदणीवर वाचनालयाचा ठराव आणि जिल्हा संघटनेचं संलग्नत्व होतं. क्रम असा: जुन्या सभासद नोंदवहीवरून रीतसर नोटीस, सर्वसाधारण सभा, नवीन कार्यकारिणीचा ठराव, बाकी वर्षांचं ऑडिट, मग धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम २२ चा बदल अर्ज. तो बदलापासून ९० दिवसांत द्यायचा असतो, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. बँकेत दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथूनही मागता येते, पण हेलपाटे वाढतात. हे सगळं होईपर्यंत खेळ थांबवला नाही. महिन्याची ५० रुपये वर्गणी वहीत, दोन सह्यांनी. तीस सभासदांचे १,५०० रुपये येतात. वीज, झेरॉक्स आणि चहा त्यातच भागतो.

वरच्या मुलांचं काय

लहान मंडळाची खरी अडचण इथे येते. दोन मुलं सगळ्यांना हरवू लागली की त्यांना गावात शिकण्यासारखं उरत नाही. त्यांना नागपूर, अमरावती, अकोल्याच्या रेटिंग स्पर्धांना पाठवावं लागतं आणि पालकांना आधी गणित सांगावं लागतं. पहिलं आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या किमान ५ खेळाडूंशी डाव व्हावे लागतात, ते २६ महिन्यांत वेगवेगळ्या स्पर्धांतून जमवता येतात. पहिल्या स्पर्धेत अशा खेळाडूंविरुद्ध एकही गुण नसेल तर ते डाव धरत नाहीत. मार्च २०२४ पासून रेटिंगचा तळ १४०० आहे, त्याखालचा निकाल आला तर रेटिंग नाहीच. स्विसमध्ये नवीन मूल पहिल्या फेरीत मोठ्याकडून हरतं, मग बिनरेटिंगच्यांशीच खेळत राहतं, त्यामुळे एका स्पर्धेत पाच डाव क्वचित भरतात. एकाच स्पर्धेचा खर्च करून “रेटिंग आलं नाही” म्हणणारे पालक पुढच्या वेळी पाठवत नाहीत. म्हणून मंडळ दोन स्पर्धांचं नियोजन एकदम मांडतं, आणि शालेय स्पर्धांकडे आधी वळवतं. तिथली तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण स्वस्त आहे आणि दहावी-बारावीच्या क्रीडा सवलत गुणांमुळे घरचेही तयार होतात.

व्यापारी मात्र विचारतातच, मोठी स्पर्धा कधी? या वर्षी कार्यकारिणीनं हो म्हटलं आहे, अटींसह. फक्त तालुक्यातल्या शाळांसाठी, एक दिवस, रोख काही नाही, देणगीतून संच आणि घड्याळं, ती नंतर मंडळाची. १५ मिनिटं आणि ५ सेकंदांचा ६० चालींचा डाव दोघांचे मिळून ४० मिनिटं घेतो, जोड्या धरून एक फेरी ५० मिनिटं. सात फेऱ्यांना जवळपास सहा तास, वर जेवण. नऊला ठरलेलं दहाला सुरू होतं हे धरलं तर पाच वाजतात, मग बक्षीस समारंभ, आणि लांबच्या खेड्याची गाडी साडेपाचला. सहा फेऱ्यांत ६४ खेळाडूंपर्यंत विजेता नीट ठरतो. तेव्हा सहाच फेऱ्या, आणि भाषणं जेवणाच्या सुट्टीत.